एक्ससी, डाउनहिल, डर्ट जंप आणि ब्रेव्हेवाले: सगळ्यांना एकाच राइडला कसं न्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पुण्यात आमचा दहा-बारा जणांचा एमटीबी (माउंटन बाइक) ग्रुप आहे. दोघं-तिघं क्रॉस-कंट्री (एक्ससी) करतात, तिघं डाउनहिल आणि एंड्युरोवाले, एक डर्ट जंपवाला (मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारणारा), बाकीचे ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या रस्त्यावरच्या राइड) करणारे ज्यांनी नुकतीच एमटीबी घेतली आहे. एकत्र निघालो की पहिल्या चढावर ग्रुप फुटतो, उतारावर पुन्हा उलटा फुटतो, आणि शेवटी चहाला तीनच जण उरतात. अशी राइड जमू शकते का, की ज्यानं त्यानं आपापल्या लोकांबरोबर जावं?"

जमते. पण चाकं फिरत असताना सगळ्यांना एकत्र ठेवायचा हट्ट आधी सोडा. मी अशा मिश्र राइड बरीच वर्षं काढतो आहे, आणि फिरत्या चाकांवर एकत्र राहिलेला ग्रुप मी पाहिलेला नाही. लोक राइड आखतात म्हणजे अंतर ठरवतात, चढाई बघतात, रस्ता ठरवतात. मिश्र ग्रुपसाठी थांबे आधी ठरवायचे असतात. रस्ता फक्त एका थांब्यावरून दुसऱ्यावर पोचवायला. माणसं जवळ येतात ती दहा जणं एका दगडाभोवती उभी राहून "इथून जाईल का रे?" म्हणतात तेव्हा. तो दगड कुठे आहे हे तुम्हाला घरून निघण्याआधी माहीत पाहिजे.

आधी ग्रुप का फुटतो ते नीट बघू, कारण त्याचा दोष बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला दिला जातो.

डाउनहिलवाला चढावर मागे पडला की लोक म्हणतात सायकल जड आहे, किंवा सरळ "दम नाही". वजनाचा हिशोब करून बघा. ७५ किलोचा माणूस ११ किलोच्या एक्ससी सायकलवर म्हणजे एकूण ८६. तोच माणूस साडेसोळा किलोच्या डाउनहिल सायकलवर म्हणजे साडेएक्क्याण्णव. फरक सहा टक्क्यांच्या आसपास. एवढ्यानं कोणी अर्धा तास मागे राहत नाही. खरी गोम गिअरमध्ये आहे. एक्ससी सायकलला पुढे ३२ दाते आणि मागे सगळ्यात मोठं दातेरी चाक ५१ दात्यांचं असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात २९ इंची चाक जेमतेम १.४५ मीटर पुढे जातं. डाउनहिल सायकलला मागे सातच गिअर, सगळ्यात मोठं २४-२५ दात्यांचं, आणि पुढे ३४. एका फेऱ्यात तीन मीटरच्या वर. आता दोघं ताशी सहा किलोमीटरनं चढतायत असं धरा. एक्ससीवाल्याचे पाय मिनिटाला ७० फेरे मारतात, आरामात. डाउनहिलवाल्याचे ३२ ते ३३, आणि प्रत्येक फेऱ्याला दुप्पट जोर. त्यात सीट इतकी खाली की गुडघा पुरता सरळ होत नाही, आणि दोनशे मिलिमीटरचं सस्पेन्शन प्रत्येक दाबाला दबतं. तो चढू शकला हेच कौतुकाचं आहे.

उतारावर हिशोब उलटतो. एक्ससीची सायकल शंभर-एकशेवीस मिलिमीटर सस्पेन्शनची, हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन) ६७ ते ६९ अंश, डिस्क बहुतेक १६० मिलिमीटरच्या. डाउनहिल सायकलचा हेड अँगल ६३ च्या आसपास, डिस्क दोनशेच्या, चार पिस्टनचे ब्रेक. अंश चार ते सहाच कमी, पण तीव्र उतारावर पुढचं चाक पायाखालून निघून जातंय असं वाटणं आणि न वाटणं यातला तो फरक आहे. शिवाय पुष्कळशा रेसिंग सायकलींना ड्रॉपर पोस्ट (चालवताना बटणानं खाली-वर होणारी सीटची दांडी) नसते. उंच सीट उतारावर पोटात खुपते आणि माणूस घाबरून मागे सरकतो. त्यावर साधा उपाय: उतार सुरू व्हायच्या आधी अ‍ॅलन कीनं सीट पाच-सात सेंटिमीटर खाली घ्या. मूळ उंचीवर इन्सुलेशन टेपचा पट्टा आधीच लावून ठेवला की परत चढवताना वाद होत नाही.

डर्ट जंपवाल्याचं सगळंच वेगळं. २६ इंची चाक, एकच गिअर, सीट पार खाली, कित्येकदा ब्रेक फक्त मागे. त्याच्या सायकलवर बसून चढायची सोयच नाही. तो ढकलणार, हे गृहीत धरा आणि ढकलायचं अंतर पंधरा-वीस मिनिटांच्या आत ठेवा.

ब्रेव्हेवाल्यांबद्दल इतर लोक जरा हसतात. हसू नये. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे चाळीस तासांत, ही त्यांची सवय. अंगात ताकद आहे, शिस्त आहे, खिशात खाणं आहे, दिवा चार्ज केलेला आहे. त्यांना फक्त मातीची भीती वाटते. मुरुमावर ते सीटवर घट्ट बसतात, नजर पुढच्या चाकावर, आणि मागचं चाक जरा घसरलं की दोन्ही ब्रेक एकदम दाबतात. हे दोन रविवारांत सुटतं. त्यांच्याइतकी चिकाटी डाउनहिलवाल्यांना मात्र दोन रविवारांत येत नाही.

ही सगळी फाटाफूट मुळात नव्हती, हेही ग्रुपमध्ये एकदा सांगून ठेवा. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या मॅरिन काउंटीत रिपॅक नावाच्या उतारावर जुन्या, जाड टायरच्या सायकली सोडणारी मंडळी होती, त्यातले गॅरी फिशर आणि जो ब्रीझ हे दोघे रस्त्यावरच्या शर्यतींतले खेळाडू. उताराचा खेळ ज्यांनी उभा केला त्यांत चढाची सवय असलेले रोडवाले होते. १९९० साली अमेरिकेत ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा क्रॉस-कंट्री आणि डाउनहिल एकाच मेळ्यात होत्या. १९९१ ला इटलीत जॉन टोमॅकनं क्रॉस-कंट्रीचं सुवर्ण घेतलं आणि डाउनहिलचं रौप्यही. पुढे सायकली बदलत गेल्या, जो तो आपल्या कप्प्यात गेला. १९९६ ला ऑलिम्पिकमध्ये एमटीबी आली ती फक्त क्रॉस-कंट्री म्हणून.

आता तुमच्या राइडला कामाला येणारी पद्धत एंड्युरोत आयती मिळते. एंड्युरो वर्ल्ड सीरिज २०१३ साली सुरू झाली, २०२३ पासून ती एंड्युरो वर्ल्ड कप झाली. तिच्यात चढाचे टप्पे ठरलेल्या वेळेत गाठायचे असतात, पण निकालात धरत नाहीत. घड्याळ चालतं ते फक्त उतारावरच्या टप्प्यांसाठी. त्यामुळे एकमेकांचे प्रतिस्पर्धी चढावर गप्पा मारत जातात. तुम्ही घड्याळ काढून टाका आणि बाकीचं तसंच ठेवा: वर सगळे बोलता येईल इतक्या वेगानं, खाली ज्याच्या त्याच्या वेगानं, आणि उतार संपतो तिथे पुन्हा सगळे.

मग एक्ससीवाल्यांचं काय? त्यांना गप्पांच्या वेगानं चढवलं तर दहाव्या मिनिटाला ते कंटाळतात. त्यांना मोकळं सोडा, पण एका नियमावर: ठरलेल्या झाडापर्यंत हवं तितक्या जोरात जा, मग वळून खाली शेवटच्या माणसापर्यंत या, आणि त्याच्याबरोबर परत चढा. त्यांना दुप्पट चढ मिळतो, व्यायाम होतो, आणि शेवटच्याला कोणीतरी सोबत मिळते. सायकल ढकलणाऱ्या डर्ट जंपवाल्याशेजारी पहिल्या गिअरवर हळू चालवत एक्ससीवाला बोलत येतो, तेव्हा मैत्री आपोआप होते, तुम्हाला काही करावं लागत नाही.

छोटा हत्ती भाड्यानं घेऊन डाउनहिलवाल्यांना वर सोडायची कल्पना कोणीतरी नक्की काढेल. डाउनहिलच्या सरावाला ती उत्तम. एकत्र राइडला माझा ठाम विरोध. टेम्पोतले वर जाऊन वीस-पंचवीस मिनिटं मोबाइल बघत बसतात, घामाघूम होऊन आलेल्यांकडे बघून "आलात का?" म्हणतात, आणि तिथेच दोन गट पडतात. ज्याच्याकडे एंड्युरो सायकल आहे, दीडशे ते एकशेसत्तर मिलिमीटरची, बारा गिअरची, त्यानं तीच आणावी. सावकाश का होईना, चढते. खरं सांगायचं तर पुण्याच्या आसपास एकत्र राइडला दुहेरी क्राउनची, म्हणजे निव्वळ डाउनहिलची सायकल आणण्यासारखा उतारच नाही. पण एखाद्याकडे तेवढीच असेल तर ती घेऊन यावं आणि ढकलावी.

जागा. इथे मी जरा कडक आहे.

सिंहगड नको. गोळेवाडीकडून वर जाणाऱ्या नऊएक किलोमीटरच्या रस्त्यावर चाक टेकलं की रोडवाल्यांच्या आणि एक्ससीवाल्यांच्या अंगात वेळ संचारते. कोण किती मिनिटांत चढला याशिवाय दुसरा विषय निघत नाही. रविवारी गाड्यांची रांग वेगळीच. आणि पायवाटेनं सायकल खाली आणायचा विचार करणाऱ्यानं त्या वाटेवर सुट्टीच्या दिवशी किती म्हातारी माणसं आणि पोरंसोरं असतात ते एकदा पायी जाऊन बघावं.

वेताळ टेकडी मला जीव की प्राण आहे. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, म्हणजे शहरापासून फार तर अडीचशे मीटर चढ. मुरूम आहे, कातळ आहे, गिरिपुष्पाच्या झाडीतल्या वळणावळणाच्या वाटा आहेत. तरीही दहा-बारा जणांचा घोळका घेऊन रविवारी सकाळी तिथे जाऊ नका. तिथे पहिली वहिवाट फिरायला येणाऱ्यांची आहे. वर्षानुवर्षं रोज पहाटे चढणाऱ्या आजी-आजोबांच्या मागून तुम्ही करकचून ब्रेक दाबत आलात, तर त्यांनी वनखात्याकडे तक्रार केली यात त्यांची चूक नाही. तीन-चार जण, आठवड्यातल्या एखाद्या दिवशी, वाटेवर माणूस दिसला की पाय खाली आणि "काका, एका बाजूनं जातो हं", असं असेल तर टेकडी मिश्र ग्रुपसाठी सोन्यासारखी आहे. प्रवेशाच्या वेळा आणि बंद केलेल्या वाटांचे फलक लावलेले असतात, ते पाळा. बाणेर-पाषाणच्या टेकड्यांनाही हेच लागू.

मोठ्या ग्रुपसाठी बोपदेव घाटाच्या वरचं, सासवडच्या बाजूचं माळरान मला जास्त पटतं. घाटाचा चढ डांबरी आहे, त्यामुळे ब्रेव्हेवाले खूश. वर कानिफनाथाच्या बाजूला उघडा माळ, मध्ये मध्ये कातळ, ओढ्यांच्या छोट्या घळी. पहाटे लवकर जा आणि ऊन तापायच्या आत उतरा. अंधार पडल्यावर तिथे रेंगाळू नका. शेतातून, बांधावरून जायचं असेल तर आधी विचारा. गुराखी दिसला तर गुरं पुढे जाईपर्यंत थांबा. म्हैस बिथरली तर तिचा हेड अँगल कोणी मोजत नाही.

आता थांब्यावर करायचं काय, कारण नुसतं थांबून पाणी पिण्यानं काही होत नाही.

तीस-चाळीस मीटरचा एक पट्टा निवडा, ज्यात एखादी पायरी आहे, थोडा सुटा मुरूम आहे, एक वळण आहे. तो सगळ्यांनी आधी खाली उतरायचा आणि मग तोच पट्टा वर चढायचा. गंमत अशी की उतरताना डाउनहिलवाले राजे असतात आणि चढताना त्यांचीच भंबेरी उडते. एकच नियम ठेवा: पाय कमीत कमी वेळा टेकायचा. वेळ मोजायची नाही. वेळ मोजली की एक्ससीवाला जिंकतो आणि बाकीच्यांचा रस संपतो. पाय मोजले की कोण जिंकेल हे कोणालाच सांगता येत नाही. कित्येकदा डर्ट जंपवाला जिंकतो, आणि सकाळपासून सायकल ढकलणाऱ्या त्या पोराकडे सगळे पहिल्यांदा नीट बघतात.

सपाट जागा मिळाली तर शाळेच्या स्नेहसंमेलनातली स्लो सायकल स्पर्धा घ्या. वीस मीटर, शेवटी पोचेल तो जिंकला. ऐकायला पोरकट वाटतं. पण ताकद, महागडं सस्पेन्शन, हलकी फ्रेम, सगळं तिथे निकामी होतं आणि तोल तेवढा उरतो. चिकटपणे जागच्या जागी उभं राहता येणं हीच पुढे अवघड चढावर कामाला येणारी गोष्ट आहे.

प्रत्येक अडथळा आधी पायी बघायचा. गेल्या रविवारी गेलो होतो म्हणून आज तसाच गेलो, हे चालणार नाही. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये मॅथ्यू व्हॅन डर पूलसारखा खेळाडू पहिल्याच फेरीत मोठ्या दगडावरून खाली पडला. सरावाच्या वेळी तिथे लाकडी उतरण लावलेली होती, शर्यतीतही असेल असं त्यानं धरलं होतं, आणि ती नव्हती. आपल्याकडे उतरण कोणी काढून नेत नाही, पण एका पावसात दगड हलतो, मुरूम वाहून घळ पडते, आणि उन्हाळ्यात गिरिपुष्पाच्या पाचोळ्याखाली काय आहे ते दिसत नाही.

शिकवणं. पुण्यात न मागता मिळणारी एकमेव गोष्ट म्हणजे सल्ला, आणि मिश्र राइड तिनंच मोडते. विचारल्याशिवाय शिकवायचं नाही, हा नियम पहिल्या थांब्यावर मोठ्यानं सांगा. विचारलं, तर ज्याचा जो प्रांत आहे त्यानंच सांगायचं. उताराबद्दल डाउनहिलवाल्याला विचारा. तो सांगेल की घाबरून मागे सरकणं हीच चूक आहे. मागे सरकलं की पुढच्या टायरवरचं वजन जातं आणि मुरुमावर तोच टायर पहिला घसरतो. टाचा खाली, गुडघे सैल, कोपरं बाहेर, छाती हँडलच्या जरा जवळ, वजन पायांवर, नजर वळणाच्या पलीकडे. चढाबद्दल एक्ससीवाल्याला विचारा. सुट्या मुरुमावर उभं राहिलं की मागचं चाक जागेवर फिरतं, म्हणून सीटच्या टोकावर बसून, कोपरं खाली घेऊन, एकसारखे फेरे मारायचे, हे त्याला अंगात मुरलेलं असतं. दगडावरून सायकल उचलायची असेल तर डर्ट जंपवाल्याकडून शिका. हातानं ओढून चाक वर येत नाही, कंबर मागे नेऊन पायांनी ढकललं की येतं. आणि भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं, हे ब्रेव्हेवाल्यांकडून. डाउनहिलवाले पाण्याची अर्धी बाटली घेऊन येतात आणि अकरा वाजता डोकं धरून बसतात. एप्रिल-मेमध्ये दोन लिटरच्या खाली कोणी येऊच नये.

सायकली बदलून बघणं ही या राइडची खरी मजा आहे. दुसऱ्याची सायकल दोनशे मीटर चालवली की त्याच्या खेळाबद्दलचं अर्धं अज्ञान जातं. एक्ससीवाला एंड्युरो सायकलवरून पायरी उतरतो आणि म्हणतो, "अरे, हे तर फसवणं आहे!" एंड्युरोवाला त्याच्या सायकलवर चढ चढतो आणि दुसऱ्या दिवशी नवीन टायर शोधायला लागतो. फक्त बदलण्याआधी एक गोष्ट न चुकता तपासा: पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे. आपल्याकडच्या साध्या सायकलींना आणि मोटरसायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला. बाहेरून आलेल्या कित्येक एमटीबींना तो डाव्या हाताला असतो, आणि काही जण मोटरसायकलच्या सवयीमुळे उलटा बसवून घेतात. म्हणजे एकाच ग्रुपमध्ये दोन्ही प्रकार असतात. उतारावर मागचा समजून पुढचा दाबला की माणूस हँडलवरून पुढे जातो. म्हणून सपाटीवर चालत चालत दोन्ही लीव्हर दाबून बघायचे, मगच बसायचं. चार पिस्टनच्या ब्रेकला एकच बोट पुरतं, हेही नव्या माणसाला सांगा. क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट घालून पिनांच्या सपाट पेडलवर उभं राहू नका. पाय निसटला तर त्या पिना नडगी सोलून काढतात.

उतारावर सोडताना सगळ्यात वेगवान आधी, आणि दोघांमध्ये वीस ते तीस सेकंदांचं अंतर. जानेवारीनंतर धूळ इतकी उडते की मागच्याला दगड दिसत नाही, तेव्हा आणखी वाढवा. शेवटी असा माणूस ठेवा ज्याला पंक्चर काढता येतं, साखळी जोडता येते आणि प्रथमोपचार येतात. तो वेगवान असायची गरज नाही. हे काम मी बहुतेक वेळा ब्रेव्हेवाल्याला देतो. त्याला घाई नसते आणि त्याच्याकडे सगळं असतं. डोक्याला मार लागला आणि माणूस तेच तेच विचारायला लागला, तर त्याला सायकलवर परत बसवायचं नाही, तो कितीही "मी ठीक आहे" म्हणाला तरी. १०८ वर रुग्णवाहिका मिळते. आपण कुठे आहोत हे सांगता येण्यासाठी लोकेशन आधीच ग्रुपवर टाकलेलं असू द्या.

सामानात मिश्र ग्रुपची एक खास अडचण असते. २६, २७.५, २९ अशी तीन मापं, दोन प्रकारचे व्हॉल्व्ह, दहा-अकरा-बारा गिअरच्या वेगवेगळ्या साखळ्या. मागचा हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला ज्यावर बसतो तो तुकडा) तर प्रत्येक फ्रेमचा निराळा. हँगर आणि साखळीची क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडायची कडी) ज्याची त्यानंच बाळगावी, बाकी वाटून घ्या. २७.५ ची ट्यूब अडीअडचणीला २९ मध्येही चालते. पुण्याच्या टेकड्यांवर बाभळीचे काटे आणि सराटे यांना तोटा नाही, त्यामुळे ट्यूबलेस नसलेला माणूस सगळ्यांना थांबवतो. ट्यूबलेस असूनही आतलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) उन्हाळ्यात लवकर वाळतं. सायकल हलवून आत द्रव खळखळतो का ते निघण्याआधी बघा. हवा: सत्तरेक किलोचा माणूस, २.३ किंवा २.४ इंचाचा ट्यूबलेस टायर, तर पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयपासून सुरुवात करा. ट्यूब असेल तर तीसच्या आसपास. ब्रेव्हेवाले रस्त्याच्या सवयीनं चाळीस-पन्नास भरून येतात आणि मग म्हणतात मुरुमावर सायकल पळते. पार्किंगमध्येच सगळ्यांची हवा एकानं तपासावी. कामाचं आहे, आणि पहिल्यांदा भेटलेल्यांना बोलायला निमित्तही होतं.

पावसाळ्यात एकत्र राइड शक्यतो नको. पायथ्याची काळी माती चाक आणि फ्रेमच्या मध्ये भरते आणि सायकल ढकलतासुद्धा येत नाही. वरचा मुरूम लवकर निचरतो, पण कातळावरच्या शेवाळावर कोणत्याही खेळातला माणूस सारखाच पडतो. शिवाय ओल्या वाटेवर ब्रेक दाबून चाक घसरवलं की चर पडतो, पुढच्या पावसाचं पाणी त्याच चरातून वाहतं आणि वाट जाते. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ धरा. पुढे गवत वाळतं. तेव्हा टेकडीवर सिगारेट पेटवणाऱ्याला सरळ घरी पाठवा, वणव्याला एक थोटूक पुरतं.

राहता राहिला तुमचा चहा. शेवटचा थांबा चहाचाच असेल तर लोक वाटेतून घरी पळतात, कारण राइड त्यांच्या लेखी संपलेली असते. नाश्ता मध्ये ठेवा. घाटाच्या वर पोहे किंवा मिसळ, आणि चांगला उतार त्याच्यानंतर. पोट भरलेल्या माणसाला उताराचं आमिष असलं की तो कुठे जात नाही. भरल्या पोटी चढ नको, एवढं पाहा.

पहिल्या राइडसाठी ग्रुपवर असा निरोप टाका, हवा तर थोडा बदलून: "रविवारी सकाळी पावणेसहाला पायथ्याशी, सहाला निघणार. घाट धरून एकूण वीस किलोमीटर, त्यातली मातीची आठच. तीन थांबे, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास. चढावर शर्यत नाही, टेम्पो नाही. पुढे गेलेल्यांनी मागे वळून शेवटच्याबरोबर परत चढायचं. ज्याला ढकलायचं त्यानं ढकलावं. नाश्ता वर, दहाच्या आत खाली. हेल्मेट नसेल त्यानं येऊ नये. दोन लिटर पाणी, आपला हँगर, आपली ट्यूब. ज्यांना वेळ काढायची आहे त्यांनी शनिवारी सिंहगडला जावं."